स्की जंपिंग २०२४-२५ : पाऊण मीटर, एक दोरा आणि पाडव्याची उडी

गंगापूररोडकर

इथे क्रिकेटचे धागे रोज निघतात, बुद्धिबळाचेही आता बरेच असतात. स्की जंपिंगवर शोधून काही सापडलं नाही, म्हणून हा. नोव्हेंबर ते मार्च शनिवार-रविवारी रात्री मी यात अडकलेला असतो. युरोपात दुपारी साडेचारला स्पर्धा सुरू झाली की आपल्याकडे नऊ वाजलेले असतात. जेवणं उरकलेली असतात, त्यामुळे घरात फारशी कटकट होत नाही.

ज्यांनी कधीच पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बर्फाळ उतारावरून ताशी नव्वदेक किलोमीटरने खाली यायचं, टोकाला पायांच्या जोरावर झेप घ्यायची आणि स्की व्ही आकारात उघडून हवेवर चक्क पालथं पडायचं. गुण अंतराला आणि शैलीला, वर वाऱ्याची अधिक-वजाबाकी. शैलीचे पाच पंच, प्रत्येकाकडे २० गुण, त्यातला सगळ्यात वरचा आणि सगळ्यात खालचा आकडा बाद. उतरताना एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले, याला 'टेलेमार्क' म्हणतात. ते जमलं नाही की पंच कापतात. पहिल्या फेरीत ५० जण, दुसरीत ३०. विजेत्याला विश्वचषकाचे १०० गुण, दुसऱ्याला ८०, तिसऱ्याला ६०, असं उतरत तिसाव्याला १. बाकी बघता बघता कळतं.

हंगामाची सुरुवात गाजवली पिउस पाश्केने. जर्मनीचा, वय ३४. विश्वचषकातला पहिला विजय त्याला तेहतिसाव्या वर्षी, २०२३ च्या डिसेंबरात मिळाला होता. आणि हा गडी यंदा नाताळाच्या आत पाच स्पर्धा जिंकून बसला. जर्मन लोक हवेत होते. कारण चार टेकड्यांची स्पर्धा (ओबर्स्टडॉर्फ, गार्मिश-पार्टेनकिर्शेन, इन्सब्रुक, बिशॉफ्सहोफेन, साधारण २९ डिसेंबर ते ६ जानेवारी) त्यांच्या कुणी शेवटची जिंकली ती २००२ मध्ये, स्वेन हानावाल्डने, तीही चारही टेकड्या जिंकून. असं चारही जिंकणारा तो पहिलाच. पण ऐन वेळी पाश्केची लय हरवली आणि मैदान ऑस्ट्रियाचं झालं.

ऑस्ट्रियाचे तिघे: बावीस वर्षांचा डॅनिएल चोफेनिग, यान होर्ल आणि जुना जाणता स्टेफान क्राफ्ट. शेवटच्या टेकडीवर जाताना तिघांत दोन गुणांचंही अंतर नव्हतं, पुढे क्राफ्ट. बिशॉफ्सहोफेनलाही शेवटची उडी त्याचीच होती. तो वर, जिथून घसरायला सुरुवात करतात त्या दांडीवर बसला आणि वारा बिघडला. थांबा. परत थांबा. खाली हजारो लोक ओरडतायत आणि हा गारठ्यात, चड्डीबनियनपेक्षा जरा जाड अशा सूटमध्ये बसलाय. शेवटी हिरवा दिवा लागला, उडी मारली, चांगलीच मारली, पण पुरली नाही. निकाल: चोफेनिग पहिला, होर्ल १.४ गुणांनी मागे, क्राफ्ट ४.१ ने. मोठ्या टेकडीवर एका मीटरला १.८ गुण असतात. म्हणजे चार टेकड्या, आठ उड्या, आणि पहिल्या-दुसऱ्यात फरक पाऊण मीटरचा! ऑस्ट्रियाने ही स्पर्धा याआधी जिंकली होती २०१४-१५ मध्ये, ती याच क्राफ्टने. पुढे अख्ख्या हंगामाचा विश्वचषकही चोफेनिगनेच नेला.

मग मार्चमध्ये नॉर्वेत ट्रॉन्डहाइमला जागतिक स्पर्धा, आणि तिथे ते सूटचं लफडं. त्यावर खाली बोलूच. आणि शेवटच्या दिवशी, ३० मार्चला, स्लोव्हेनियातल्या प्लानित्साला तिथल्याच डोमेन प्रेव्त्सची २५४.५ मीटरची उडी. जागतिक विक्रम. क्राफ्टचा २०१७ चा २५३.५ मोडला. तो रविवार म्हणजे आपला गुढीपाडवा. दुपारी श्रीखंड-पुरी चेपून अख्खं घर आडवं झालेलं, आणि मी मोबाइल घेऊन गॅलरीत.

माझं मत असं की विक्रम वगैरे ठीक आहे, पण या हंगामाचा खरा विषय मापाचा होता. वारा मोजायचा, कापड मोजायचं, पाऊण मीटर मोजायचा. मापावरचा विश्वास उडाला तर या खेळात उरतं काय? तुम्हाला काय वाटतं?

मिसळ_कमी_तिखट

छान लिहिलंय, पण मला एक कळत नाही. जो सगळ्यात लांब गेला तो जिंकला, संपलं. यात वाऱ्याचे गुण कुठून आले? मी यूट्यूबवर एक स्पर्धा पाहिली, त्यात १४० मीटर गेलेला हरला आणि १३७ वाला जिंकला. हा काय प्रकार आहे? उद्या क्रिकेटमध्ये वाऱ्याने सिक्स गेला म्हणून चारच धावा देणार का?

ओझरचा_पाना

एचएएलमध्ये, म्हणजे ओझरच्या विमान कारखान्यात, उमेदीची वर्षं गेली, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. विमानाशिवाय दुसरं काही कळत नाही, पण हा खेळ विमानाचाच आहे म्हणून लिहितो.

मिसळराव, पहिली गोष्ट म्हणजे तो मुलगा वर उडत नाही. ज्या टोकावरून तो झेपावतो ते टोकच साधारण ११ अंशांनी खाली झुकलेलं असतं. पायांनी जोर लावायला त्याला सेकंदाचा तिसरा हिस्सा मिळतो. त्यानंतर तो पडतच असतो, फक्त खालचा उतारही त्याच्याबरोबर पडत जातो. टीव्हीवर वाटतो तेवढा तो जमिनीपासून उंच कधीच नसतो. बहुतेक वेळ जेमतेम दुमजली घराच्या गच्चीइतका. चार-पाच सेकंद हवेत. प्लानित्सासारख्या मोठ्या, 'उडायच्या' टेकडीवर सात-आठ.

आता वारा. समोरून, उतारावरून वर येणारा वारा शरीराखाली आणि स्कीखाली दाब देतो. तो उचलतो. पाठीमागचा वारा दाबून खाली बसवतो. येवल्याला संक्रांतीत जो गच्चीवर आसारी (मांज्याची फिरकी) धरून उभा राहिलाय त्याला हे समजावायला नको: वारा पडला की कितीही ढील द्या, कितीही खेचा, पतंग खालीच येणार. त्यात उडवणाऱ्याचा दोष काय? म्हणून उताराच्या कडेला ठिकठिकाणी वारा मोजतात, समोरचा असेल तर गुण वजा, पाठचा असेल तर अधिक. २००९-१० पासून हे आहे. त्याबरोबर 'गेट'चेही गुण आहेत. सुरुवातीची दांडी खाली घेतली तर वेग कमी मिळतो, म्हणून त्याची भरपाई. पूर्वी वारा बदलला की अख्खी फेरी रद्द करून पुन्हा घ्यायचे.

क्रिकेटमध्ये वारा दोन्ही संघांना थोडाथोडा मिळतो. इथे एकेकाला त्याच्या चार सेकंदांपुरता मिळतो. फरक तिथे आहे.

मिसळ_कमी_तिखट

काका, समजलं. पण पटलं नाही. पाच-सात ठिकाणी मोजून सरासरी काढली, आणि त्याला नेमका फटका दोन यंत्रांच्या मधे बसला तर?

ओझरचा_पाना

तर तो गेला. त्यावर कुणाकडेच इलाज नाही. सरासरी काढणाऱ्या प्रत्येक यंत्राचं तसंच असतं, आमच्याही होतं.

निफाडचा_गारठा

मी बघतो हो. रात्रपाळीची लाईट असली की मोटार चालू करायला मळ्यात जावंच लागतं, तेवढ्यात मोबाइलवर एक फेरी होते. जानेवारीत पारा चार-पाचवर आला की आम्ही बागेत शेकोट्या पेटवतो, पहाटे ठिबकने पाणी सोडतो, द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून. आणि तिकडे बघतो तर बर्फ कमी पडला म्हणून यंत्राने बर्फ करतायत. देवाचा हिशोब.

एक शंका. बर्फ नसताना उन्हाळ्यात हे लोक सराव कुठे करतात? की सहा महिने घरी बसतात?

गंगापूररोडकर

@गारठा, उन्हाळ्यातही उडतात. उतारावर हिरव्या प्लॅस्टिकच्या चटया अंथरतात, त्यावर पाणी मारतात, वरची घसरपट्टी चिनी मातीची. उन्हाळी ग्रांप्री १९९४ पासून चालू आहे. २०२२ च्या नोव्हेंबरात तर पोलंडमधल्या विस्वाला विश्वचषकाचीच स्पर्धा अशी झाली: वर बर्फाची पट्टी, खाली प्लॅस्टिकच्या चटया. म्हणजे बर्फ लागतोच असं नाही.

(नाही, अंजनेरीला टेकडी बांधा म्हणून इथे कुणी निवेदन काढू नका. वनखातं, पुरातत्त्व आणि माकडं तिघांचीही परवानगी लागेल.)

येवल्याची_सुई

सूटबद्दल कुणी नीट लिहीत नाहीये म्हणून लिहिते. माझं शिवणकामाचं दुकान आहे, सासरी पैठणीचे माग. त्यामुळे कापडाच्या बातम्या माझ्याकडे आपोआप येतात.

८ मार्चला मोठ्या टेकडीची स्पर्धा होती. त्याआधी एक व्हिडिओ बाहेर आला, पडद्याआडून चोरून काढलेला. त्यात नॉर्वेच्या संघाचे लोक एका खोलीत शिवणयंत्रावर सूट शिवतायत आणि मुख्य प्रशिक्षक मागनुस ब्रेविग तिथे हजर. आता सूट शिवणं हा गुन्हा नाही, सगळेच संघ शिवतात. पण या सूटांना आधीच तपासून चिप लावलेली होती. तपासणी झाल्यावर त्याला सुई लावायची नसते. स्पर्धेत मारियस लिंडविक दुसरा आला, योहान आंद्रे फॉरफांग पाचवा. मग इतर संघांनी तक्रार केली, अधिकाऱ्यांनी शिवणी उसवल्या आणि आत सापडला जास्तीचा ताठ दोरा. कुठे? दोन पायांच्या मधे, आसनाच्या शिवणीत. दोघेही बाद.

आता तुम्ही म्हणाल, दोऱ्याने काय होतंय? खूप होतं. पाय फाकवल्यावर आसनाचं कापड वर चढतं, हे कुठलाही शिंपी सांगेल. म्हणून तर आपण तिथे पट्टी लावतो. तिथे ताठ दोरा भरला की कापड चढत नाही, दोन पायांच्या मधे ताणून राहतं. ओझरवाले काका, तुमच्या भाषेत पंखाचं क्षेत्रफळ वाढतं, बरोबर ना? म्हणूनच त्यांच्या नियमात सूट अंगाला किती सैल असावा, कापडातून हवा किती जावी, सगळं लिहिलेलं आहे. हवा तर दर सेकंदाला चौरस मीटरमागे किमान ४० लिटर गेलीच पाहिजे.

आणि मला राग कशाचा आला सांगू? ज्याने तो दोरा घातला त्याचा हात फार चांगला आहे. बाहेरून काही दिसत नव्हतं. उसवल्यावरच कळलं. एवढी कारागिरी आणि वापरली कुठे!

ओझरचा_पाना

ताई, बरोबर. क्षेत्रफळ वाढतं आणि ते मोक्याच्या जागी वाढतं. याच कारणाने यान बोक्लोव्हची व्ही शैली चालली. आधी सगळे स्की समांतर ठेवून उडायचे. हा स्वीडनचा मुलगा १९८० च्या दशकात स्की फाकवून उडायला लागला. पंच त्याचे गुण कापायचे, 'कुरूप दिसतं' म्हणून. तरी १९८८-८९ चा विश्वचषक त्यानेच जिंकला. थोड्याच वर्षांत सगळे व्ही.

वजनाचंही सांगून ठेवतो. हलका माणूस लांब जातो. त्यापायी मुलं उपाशी राहायला लागली, प्रकरण आजारापर्यंत गेलं. मग नियम आला: उंचीच्या १४५ टक्के लांब स्की वापरता येते, पण वजन उंचीच्या हिशोबात बसलं तरच. वजन कमी, तर स्की आखूड. उपाशी राहून मिळवलेलं आखूड स्कीत जातं. या खेळातला मला सगळ्यात शहाणा वाटलेला नियम.

मिसळ_कमी_तिखट

थांबा थांबा. म्हणजे लिंडविकचं त्या दिवशीचं रौप्य गेलं. पण त्याच ट्रॉन्डहाइमला आठवडाभर आधी छोट्या टेकडीवर त्याने सुवर्ण जिंकलं होतं ना? ते?

गंगापूररोडकर

ते राहिलं. त्याच्याकडेच आहे. तिथे जर्मनीचा वेलिंगर दुसरा, होर्ल तिसरा. मोठ्या टेकडीवर डोमेन प्रेव्त्स पहिला होताच. लिंडविक बाद झाल्यावर होर्ल रौप्यावर आला आणि जपानच्या कोबायाशीला कांस्य मिळालं.

नॉर्वेने दुसऱ्या दिवशी, ९ तारखेला, फसवणूक झाल्याची कबुली दिली. आपल्याकडे कुणाला पत्ता नाही, कारण त्याच रविवारी दुबईत चॅम्पियन्स ट्रॉफीची फायनल होती आणि अख्खं कॉलेज रोड रस्त्यावर. पुढे ब्रेविग आणि सूटवाल्याला निलंबित केलं, नॉर्वेचे पाच खेळाडूही निलंबित झाले. हंगामाच्या उरलेल्या स्पर्धांना आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने सगळ्याच संघांचे सूट ताब्यात घेतले: माणशी एकच सूट, तोही स्पर्धेआधी हातात द्यायचा.

मिसळ_कमी_तिखट

मग सुवर्णही काढून घ्यायला पाहिजे होतं. सरळ हिशोब आहे.

येवल्याची_सुई

सरळ कसा? छोट्या टेकडीच्या वेळचा सूट त्या दिवशी तपासून पास झाला होता. त्यात दोरा होता याचा पुरावा काय? संशयावरून पदक काढायला लागलात तर उद्या कुणाचंही काढाल. मी गिऱ्हाइकाला सांगते, माप घेताना बोला, घरी नेऊन धुतल्यावर आलात तर मी ऐकणार नाही.

मिसळ_कमी_तिखट

ताई, दुकानाचा नियम वेगळा. आणि खेळाडूला माहीत नव्हतं हे मला नाही पटत. जो माणूस शर्टाचं एक बटण बदललं तरी हवेत ओळखेल, त्याला आसनातला दोरा कळला नाही?

गंगापूररोडकर

मलाही तीच शंका होती आणि अजूनही पूर्ण गेलेली नाही. पण त्यांच्या जागेवरून बघा. स्पर्धेच्या सकाळी कपडेवाला सूट देतो, तू घालतोस. वर जाऊन बसल्यावर डोक्यात वारा, झेप आणि प्रशिक्षकाचा झेंडा. झेंडा खाली आला की निघायचं. हिरवा दिवा लागला की दहा सेकंद, तेवढ्यात निघाला नाहीस तर बाद. तिथे कोण शिवणी चाचपत बसतो? तरी 'काहीच माहीत नव्हतं' हेही घशाखाली उतरत नाही. मधलं काहीतरी असणार. माहीत करून घ्यायचं नव्हतं, असं.

कडवट_कॉफी

धाग्यात एवढे प्रतिसाद आणि निकाचं नाव नाही? कमाल आहे.

निका प्रेव्त्स. डोमेनची धाकटी बहीण. ट्रॉन्डहाइमला दोन्ही वैयक्तिक सुवर्णं तिची. हंगामाचा विश्वचषक तिचा, सलग दुसऱ्यांदा. मार्चमध्ये नॉर्वेतल्या विकरसुंडला २३६ मीटर, बायकांचा जागतिक विक्रम, विसाव्या वाढदिवसाच्या तोंडावर. म्हणजे एकाच महिन्यात, एकाच घरात, बाईचाही विक्रम आणि पुरुषाचाही. मोठा भाऊ पेटर २०१५ मध्ये २५० मीटर गाठणारा पहिला माणूस, २०१५-१६ च्या हंगामात १५ विजय. आणखी एक भाऊ त्सेने, तोही हेच करायचा. आईवडिलांचं कपडे धुण्याचं काम काय असेल कल्पना करा.

आणि आता कौतुक संपलं. बायकांना ऑलिंपिकमध्ये ही उडी मारायला परवानगी मिळाली २०१४ ला. मोठ्या उडायच्या टेकडीवर स्पर्धा २०२३ ला. चार टेकड्या २०२४-२५ मध्येही त्यांच्यासाठी नव्हत्याच, त्याऐवजी गार्मिश आणि ओबर्स्टडॉर्फ अशा दोन रात्री. २०२४ च्या ३१ डिसेंबरला गार्मिशची पात्रता फेरी जर्मनीच्या सेलिना फ्रायटागने जिंकली. बक्षीस? शाम्पू, शॉवर जेल आणि टॉवेल. तेव्हा पुरुषांच्या पात्रता फेरीच्या विजेत्याला ३००० स्विस फ्रँक मिळायचे. आपल्याकडे हळदीकुंकवाला याहून बरं वाण देतात.

आणि सूटवरून बाद होण्याचं म्हणाल तर २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकला मिश्र सांघिक स्पर्धेत एका दिवसात पाच जणी बाद झाल्या होत्या, चार देशांच्या. जपानची ताकानाशी तर उतारावरच रडत बसली. तेव्हा कुणी पडद्याआड व्हिडिओ काढायला नव्हतं, आणि त्या रांगेत एकही पुरुष नव्हता.

निफाडचा_गारठा

शाम्पूचं खरंय का?? टॉवेल तरी किती होते?

कडवट_कॉफी

चार. हात पुसायचे.

ओझरचा_पाना

कॉफीताई, तुमचा मुद्दा मान्य. एक तांत्रिक जोड देतो, वाद म्हणून नाही. बायकांना बऱ्याचदा वरच्या दांडीवरून, म्हणजे जास्त वेगाने सोडतात, म्हणून त्यांची उतरतानाची झळ कमी नसते. पुरुषांइतकीच असते, कधी जास्त. बक्षीस ठरवणाऱ्यांनी एकदा त्या उतारावर उभं राहून पाहावं.

गंगापूररोडकर

धागा वर काढतोय, कारण ऑगस्टमध्ये निकाल आलाय. लिंडविक आणि फॉरफांग यांना तीन महिन्यांची बंदी. महासंघाचं म्हणणं असं की त्यांना फेरफाराची कल्पना नव्हती, पण त्यांनी विचारायला हवं होतं. निलंबनाचा काळ त्यातून वजा होणार, म्हणजे २०२६ च्या हिवाळी ऑलिंपिकला दोघेही मोकळे. शिवाय नवीन पद्धत: सूटमध्ये गडबड सापडली तर पहिल्यांदा पिवळं कार्ड, दुसऱ्यांदा लाल, आणि लाल मिळालं की पुढच्या स्पर्धेला बाहेर.

मिसळ_कमी_तिखट

तीन महिने, तेही उन्हाळ्यात! म्हणजे शाळा बंद असताना वर्गाबाहेर उभं केलं.

येवल्याची_सुई

यावर मात्र मिसळरावांशी सहमत. 'विचारायला हवं होतं' असं लेखी म्हणायचं आणि शिक्षा अशी द्यायची की एकही मोठी स्पर्धा बुडू नये. पण सुवर्णाबद्दल माझं मत तेच. पुरावा नाही, पदक त्याचं.

मिसळ_कमी_तिखट

नाही पटत. असो. दरम्यान मी प्लानित्साचा तो पाडव्याचा व्हिडिओ बघितला. २५४.५ चा. उतरताना तो इतका खाली आला होता की आता उतार संपणार आणि हा सपाटीवर आदळणार असं वाटलं. पाय टेकले, थरथरला, तरी उभा राहिला. परत लावून पाहिला. काका, त्या वेळी वारा समोरून होता ना? मग त्याचे गुण कापले का?

ओझरचा_पाना

समोरून वारा लागला की गुण कापतातच, सगळ्यांचे. पण विक्रमाला फक्त मीटर लागतात, गुण नाही. त्यामुळे विक्रमाच्या पाटीवर वाऱ्याचा उल्लेखही नसतो. तुम्हाला पहिल्या दिवसापासून हवा होता तो साधा हिशोब तिथे आहे बघा.

मिसळ_कमी_तिखट

मग मी विक्रमच बघत जाईन.

निफाडचा_गारठा

२९ डिसेंबरला ओबर्स्टडॉर्फ आहे ना? पहिल्या फेरीत तिथे दोघादोघांच्या २५ जोड्या लावतात, जिंकलेले २५ आणि हरलेल्यांतले सगळ्यात चांगले पाच पुढे जातात, एवढं मला कळलंय. जोड्या जाहीर झाल्या की कुणीतरी इथे टाका. त्या आठवड्यात रात्रीची लाईट आहे आमच्याकडे.